आठ घरं, छत्तीस खण

जुन्या वाड्याचा आकार सांगताना कोणी चौरस फूट सांगत नसे. ‘पाच खणी माडी’, ‘सात खणांचा सोपा’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला घर किती मोठं ते कळायचं. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे खण. तुळई न वाकता जेवढा भार पेलेल तेवढी त्याची रुंदी, आणि एकदा ठरली की घरभर तीच. कुटुंब वाढलं की शेजारी खण जोडायचा, भाऊ वेगळे झाले की खण वाटून घ्यायचे. खांब जागचा हलत नसे. मधल्या कुडाच्या भिंती हलत असत.

आज ‘मॉड्युलर घर’ म्हटलं की डोळ्यांपुढे क्रेनने उचललेली खोकी येतात. या लेखापुरतं ते चित्र बाजूला ठेवू. शहरात जागेचे भाव ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, पण सात-आठ कुटुंबांनी मिळून काही उभं करायची ज्यांची तयारी आहे, त्यांना त्या खोक्यांपेक्षा जुना खण जास्त उपयोगी पडेल. चार भावंडांच्या वाट्याला आलेला वडिलांचा जुना बंगला, निवृत्तीला टेकलेला मित्रांचा गट, एकेकटी राहणारी नोकरदार माणसं, लहान मुलं असलेली दोन-तीन जोडपी अशी मंडळी मी नजरेपुढे ठेवली आहेत.

आधी कंटेनरबद्दल थोडं, कारण तो प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. मालवाहू कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते आणि आतली उंची सुमारे २.३९ मीटर. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर आहे. उन्हासाठी आतून अस्तर लावलं की ही जागा आणखी कमी होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या पेटीत राहायचं म्हणजे अस्तर हवंच. तेव्हा कायमच्या घरासाठी तो विचार सोडून द्या.

कारखान्यात ओतलेल्या भिंतींचं गणित वेगळं आहे. केंद्र सरकारने २०२१ साली इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ या सहा शहरांत ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी केली. रांचीत अख्ख्या खोल्या आधी ओतून मग जागेवर रचल्या, चेन्नईत कारखान्यात ओतलेले सुटे भाग जागेवर जोडले. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास घरं होती. एकच साचा शेकडो वेळा वापरला तरच त्याचा खर्च वसूल होतो. शिवाय असा भाग घेऊन येणारा ट्रेलर आणि तो उचलणारी क्रेन तुमच्या गल्लीत वळली पाहिजे. मोठ्या संकुलांत आता सर्रास वापरतात त्या अॅल्युमिनियमच्या शटरिंगचीही अडचण अशीच. काम झपाट्याने होतं, पण प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार पेलणारी होते. दहा वर्षांनी दोन खोल्या जोडाव्याशा वाटल्या तर त्या भिंतीला हात लावता येत नाही. आठ घरांसाठी आपली नेहमीची आरसीसी फ्रेम, म्हणजे खांब, तुळया आणि मध्ये हलक्या भिंती, हीच पुरेशी आणि परवडणारी आहे. मॉड्युलर राहायला हवं ते मोजमाप आणि त्यामागचा करार.

खण केवढा घ्यायचा?

मी ३.६ मीटर बाय ३.६ मीटर सुचवतो. जुन्या भाषेत बारा फुटी खण. भारतीय मानकांत बांधकामाचं मूळ माप १०० मिलिमीटर आहे आणि घराचा आराखडा ३०० मिलिमीटरच्या पटीत आखावा असं संहिता सुचवते. ३.६ मीटर म्हणजे त्या मापाची बारा पावलं. भिंती वजा केल्यावर आत साधारण ११.६ चौरस मीटरची खोली उरते, आणि किमान साडेनऊ चौरस मीटरची अट आरामात पूर्ण होते. डबल बेड, कपाट आणि अभ्यासाचं टेबल ठेवून माणसाला वळायला जागा राहते. खिडकीचंही छान जमतं. दमट-उष्ण हवेत खिडकीचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावं असं संहिता सांगते. खणाच्या १२.९६ चौरस मीटरचा सहावा भाग म्हणजे २.१६ चौरस मीटर, बरोबर १.८ बाय १.२ मीटरची एक खिडकी. मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत एक दशांश पुरतं, तिथे १.२ बाय १.२ची खिडकीही चालेल. सगळ्या इमारतीत खिडकीचं एकच माप आणि दाराचं एकच माप ठेवा. सुताराचा, फॅब्रिकेटरचा दर तिथेच खाली येतो, आणि पुढे एक झडप बिघडली तर दुसरीकडची बसवता येते.

आता एक प्रत्यक्ष आखणी करून पाहू. साडेचार-पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट धरा. इमारत सहा खण लांब, दोन खण रुंद. एका मजल्यावर बारा खण, तीन मजल्यांवर छत्तीस. एका अंगाने दीड मीटर रुंद गॅलरी, चाळीसारखी. दोनच खणांची रुंदी का? कारण मग एकही खण आंधळा राहत नाही. प्रत्येकाची एक बाजू बाहेर उघडते आणि पुढून मागे वारा खेळतो. प्लॉट चौकोनी असेल तर ही पट्टी काटकोनात वळवा, मधल्या बेचक्यात आपोआप चौक तयार होतो. पण रुंदी तीन खण करू नका, मधली रांग कायम दिवा लावून राहते.

तळमजला: जिन्याचा एक खण, सामाईक स्वयंपाक-जेवणघराचे चार, धुण्याचा एक, पाहुणखोलीचा एक, अवजारं-सायकली-सामानाचा एक, आणि चार खणांचं एक घर. जिना न चढू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांचं घर इथे. पहिला मजला: जिन्याचा एक खण, तीन खणांची दोन घरं, दोन खणांची दोन घरं, आणि एक ‘फिरता खण’, त्याबद्दल पुढे सांगतो. दुसरा मजला: पुन्हा जिन्याचा एक, तीन खणांची दोन घरं, चार खणांचं एक आणि एक फिरता खण. एकूण आठ घरं, त्यांचे खासगी खण चोवीस.

चौरस फुटांत बोलायचं तर खणाचे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १४० चौरस फूट होतात. म्हणजे दोन खणांचं घर २८०, तीनचं ४२०, चारचं ५६०. ऐकायला लहान वाटतं. पण आपल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये एक खोली वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणि उरलेलं वर्ष वाळत घातलेल्या कपड्यांसाठी असते. आठही घरांनी तशी एकेक खोली घेतली तर अकराशे चौरस फुटांहून जास्त बांधावं लागेल. इथे पाहुणखोली आणि धुण्याची खोली मिळून २८०मध्ये काम होतं.

आता आठच घरं का, ते सांगतो. नवी मुंबईत बेलापूरच्या ज्या वसाहतीला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणतात, ती वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखली. तिथे सात घरांचा एक पुंजका आहे आणि मध्ये सुमारे आठ बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके एकत्र येऊन एकवीस घरांचा मोठा गट होतो, आणि त्याच्या मध्ये बारा बाय बारा मीटरची मोकळी जागा. सात-आठ घरं हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. तेवढ्या घरांत कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे हे न विचारता कळतं, आणि बैठक एका सतरंजीवर होते. तुमचा गट वीस-पंचवीस कुटुंबांचा असेल तर एक मोठी इमारत आखण्याऐवजी असे तीन पुंजके करा आणि प्रत्येकाला त्याचं छोटं अंगण किंवा गॅलरी द्या.

काय वाटून घ्यायचं आणि काय नाही, यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळींत जे शेजारपण वाढलं त्याबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं गेलं आहे, आणि ते खरंही आहे. पण त्याच इमारतींत संडास सामाईक होते. सकाळच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, रात्री एकट्याने तिथवर जायला घाबरणाऱ्या बायका-मुलींना विचारलं तर चाळीची दुसरी बाजू कळते. सक्तीने वाटून घ्यावी लागलेली गोष्ट आणि आवडीने वाटून घेतलेली गोष्ट यांत मोठा फरक आहे. म्हणून नियम असा धरा की संडास, न्हाणी, छोटा स्वयंपाकाचा ओटा आणि दाराची कडी प्रत्येकाची स्वतःची. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दोन खणांतही हे सगळं पूर्ण असलं पाहिजे. पुढच्या खणात ओटा आणि न्हाणी-संडास, मागच्या खणात राहणं-झोपणं. एखाद्याला महिनाभर कोणाशी बोलायचंच नसेल तर त्याचं काही अडता कामा नये. तेव्हाच तो उरलेले अकरा महिने मनापासून एकत्र जेवेल.

सामाईक स्वयंपाकघर गच्चीवर ठेवू नका. वास्तुविशारद हौसेने तसं सुचवतात, चित्रात दिसतंही छान. पण रोजच्या वाटेवर नसलेल्या जागी माणसं जात नाहीत. कामावरून येताना, जिना चढण्याआधी, फोडणीचा वास यावा आणि कोण बसलंय ते दिसावं, अशा जागी ते हवं. चार खणांत पंचवीस माणसांची पंगत सहज बसते. दोन ओटे करा, दोन सिंक करा. सामिष-निरामिष हा विषय आपल्याकडे शेवटपर्यंत टाळला जातो आणि मग त्यावरून गट फुटतात. पहिल्याच महिन्यात तो मोकळेपणाने बोलून घ्या: भांडी वेगळी हवीत का, कोणत्या वारी काय शिजेल, कोणाला काय चालत नाही. आणि एक गोष्ट लेखी ठेवा की कोणाच्या ताटात काय आहे यावरून कोणाला सभासदत्व नाकारलं जाणार नाही. मी हे पोटतिडकीने लिहितो आहे, कारण स्वस्त घर शोधणाऱ्या अनेकांना आपल्या शहरांत याच कारणावरून दारातून परत पाठवलं जातं.

रोज एकत्र जेवायचा संकल्प मात्र करू नका. आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरे. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही मिळून राहणाऱ्या कुटुंबांची पहिली आधुनिक वसाहत झाली. तिच्यामागची प्रेरणा होती बोडिल ग्रेए यांचा १९६७चा एक लेख, ‘मुलांना शंभर आईबाप हवेत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. प्रत्येकाचं स्वतःचं पूर्ण घर आणि शिवाय एक सामाईक घर, ही तिथली रीत पुढे युरोपभर पसरली. पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, बाकीच्यांनी आयतं जेवायचं. नोकरी करणाऱ्या बाईच्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अशा मोकळ्या झाल्या तर तिच्यासाठी ते घराच्या आणखी शंभर चौरस फुटांपेक्षा मोलाचं आहे. पाळीत पुरुषांची नावं बायकांच्या बरोबरीने असली पाहिजेत, हे सांगायला नको. तरी वहीत लिहून ठेवा.

आता फिरता खण. झुरिकमध्ये २०१४ साली राहायला सुरुवात झालेल्या काल्कब्राइटे या सहकारी इमारतीत काही सुट्या खोल्या ठेवल्या आहेत, त्यांना ते ‘जोकर’ म्हणतात. ज्या घराला गरज पडेल त्याने ती खोली काही काळासाठी भाड्याने घ्यायची: मोठा झालेला मुलगा, आजारी आई, बाळंतपणाला आलेली मुलगी. गरज संपली की खोली परत संस्थेकडे. आपल्या कुटुंबांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घर घेताना आपण पुढच्या वीस वर्षांत कधीतरी लागेल म्हणून एक खोली जास्त घेतो आणि तिचं कर्ज वीस वर्षं फेडतो. आठ घरांमध्ये दोन फिरते खण ठेवले तर हा भार आठ जणांत वाटला जातो. त्यांना स्वतंत्र न्हाणी-संडास आणि गॅलरीतून स्वतंत्र दार द्या. देताना अकरा महिन्यांचा करार करा, आणि जास्तीत जास्त किती वेळा वाढवता येईल ते आधीच ठरवा. नाहीतर एकच घर तो खण वर्षानुवर्षं धरून बसतं.

खण एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकला पाहिजे, आणि त्याची सोय बांधतानाच करावी लागते. शेजारच्या दोन घरांमधल्या प्रत्येक भिंतीत एक दार धरूनच लिंटल टाका, ९०० मिलिमीटर रुंद आणि २१०० उंच, आणि मग ती जागा विटांनी किंवा ब्लॉकने भरून घ्या. आज भिंत आहे, उद्या दार. भरताना भिंतीची पूर्ण जाडी भरा, कारण पातळ भिंतीतून शेजारचा टीव्ही ऐकू येतो आणि मग शेजारपण टिकत नाही. दोन घरांमध्ये २०० मिलिमीटरची भिंत, घरातल्या घरात १०० मिलिमीटरची, हा हिशेब ठेवा. या बंद दारांतून विजेच्या नळ्या नेऊ नका, नाहीतर दार उघडायच्या दिवशी वायरमनला अर्धं घर फोडावं लागेल. वीज खणागणिक वेगळी ओढा आणि फिरत्या खणांना सब-मीटर लावा.

पाण्याची व्यवस्था हा अशा इमारतीचा खरा कणा आहे. न्हाणी-संडास आणि ओटे सगळे गॅलरीच्या बाजूच्या रांगेत घ्या, एकावर एक, आणि सहा खणांच्या लांबीत तीन उभे डक्ट ठेवा. प्रत्येक डक्ट डावीकडच्या आणि उजवीकडच्या खणाला पुरतो, म्हणजे पुढच्या रांगेतल्या कोणत्याही खणात घर सुरू होऊ शकतं. डक्टचं दार गॅलरीत उघडू द्या. गळती झाली तर प्लंबर कोणाच्या घरात न शिरता, कोणी घरी असो-नसो, काम करून जातो. डक्ट एवढा रुंद हवा की माणूस आत उभा राहून पाना फिरवू शकेल. नऊ इंचांची फट ठेवून नंतर पस्तावलेल्या सोसायट्या प्रत्येक शहरात आहेत. पाणी माणशी दिवसाला १३५ लिटर धरा, त्यातले ४५ संडासासाठी. पंचवीस माणसांना रोजचे ३,३७५ लिटर. दोन दिवसांचा साठा ठेवायचा तर टाक्या सात हजार लिटरच्या घरात जातात आणि तेवढं वजन गच्चीवर येणार हे आरसीसी कन्सल्टंटला पहिल्या दिवशी सांगा. संडासाची टाकी वेगळी केली तर बोअरचं किंवा धुण्याचं गाळलेलं पाणी तिथे वापरता येईल.

त्याच कन्सल्टंटला आणखी एक प्रश्न न चुकता विचारा. तळमजल्यावर सामाईक जेवणघर किंवा पार्किंग म्हणजे भिंती कमी, आणि वर घरं म्हणजे भिंती जास्त. असा तळ भूकंपात आधी बसतो. २००१च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत खांबांवर उभ्या असलेल्या अनेक इमारती अशाच खाली बसल्या. यावर उपाय आहेत, खांब मोठे करणं, काही जागी काँक्रीटच्या भिंती घेणं. पण ते आराखड्यातच यावे लागतात. पार्किंगचाही निकाल आधी लावा. तुमच्या महापालिकेचे नियम किती गाड्यांची जागा मागतात ते पाहून मगच तळमजला आखा. ती जागा बाजूच्या मोकळ्या पट्टीत बसत नसेल तर जेवणघर पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून घ्या आणि त्यानुसार एखादं घर सरकवा.

गॅलरीबद्दल एवढंच सांगतो: दीड मीटरपेक्षा अरुंद करू नका, नाहीतर ती नुसती येण्याजाण्याची वाट होते. खुर्ची टाकून बसलेल्या आजीला वळसा घालून मुलाला धावता आलं पाहिजे. पश्चिमेला घेतली तर ती खोल्यांवर सावली धरते. कोकणपट्टीत मात्र नैऋत्येचा पाऊस आत येतो, तेव्हा छज्जा पुढे काढा. झोपायच्या खोल्या मागच्या रांगेत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेपासून दूर. लिफ्ट आज परवडत नसली तरी गॅलरीच्या टोकाला, जिन्याजवळ, तिची जागा सोडा.

पैशांचा हिशेब खणांनी केला की भांडणं कमी होतात. चोवीस खासगी खण, नऊ सामाईक, तीन जिन्याचे. सामाईक आणि जिना मिळून बारा, म्हणजे प्रत्येक खासगी खणामागे अर्धा खण सामाईक. दोन खणवाल्याने तीन खणांचा बांधकाम खर्च द्यायचा, तीनवाल्याने साडेचारचा, चारवाल्याने सहाचा. बेरीज छत्तीस येते. मोठ्या दुरुस्तीचा निधीही खणांवरच. रोजचा खर्च, म्हणजे गॅस, पाणी, स्वयंपाकघरातला किराणा, मदतीला येणाऱ्या ताईंचा पगार, हा मात्र डोक्यांवर ठेवा. एकट्या राहणाऱ्या बाईवर पाच जणांच्या घराचा भार पडायला नको.

सगळे पैसे एकदम उभे राहत नसतील तर आधी काय बांधायचं याचा धडा इंदूरच्या अरण्य वसाहतीत आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली आणि १९९५ साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. सर्वांत गरीब कुटुंबांना तिथे ३५ चौरस मीटरच्या प्लॉटवर जोतं, संडास-न्हाणी आणि एक खोली मिळाली. पुढचं ज्याने त्याने जमेल तसं वाढवलं. चिलीतल्या इकिके शहरात वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांच्या चमूने २००४मध्ये घराचा अर्धा भाग पूर्ण बांधून दिला आणि शेजारी तेवढीच जागा रहिवाशांनी भरण्यासाठी मोकळी सोडली. दोन्हीकडे तत्त्व एक: माणसाला नंतर स्वतःहून करता येणार नाही ते आधी करा. म्हणून फ्रेम, जिना, डक्ट, टाक्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सामाईक स्वयंपाकघर आणि प्रत्येक घरातली एक पूर्ण न्हाणी यांत काटकसर नको. फरशी, आतली दारं, फर्निचर, तिसऱ्या खणाचा गिलावा हे पुढच्या दिवाळीला होऊ शकतं. फक्त गॅलरीकडचं आणि बाहेरचं काम अर्धवट ठेवू नका. भोगवटा प्रमाणपत्र त्यावर अडतं आणि ते नसलं की पाण्याच्या जोडणीपासून कर्जापर्यंत सगळं अडतं.

कायद्याच्या चौकटीसाठी सहकारी गृहनिर्माण संस्था हाच आपल्याकडचा सरळ मार्ग आहे, आणि तो नवा नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि आता वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान पाच जण संस्था काढू शकतात. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर ठेवा, सभासदाकडे त्याच्या खणांचा वापरहक्क. सामाईक नऊ खण कोणाच्याही नावावर जाता कामा नयेत. बार्सिलोनाच्या ला बोर्दा या सहकारी इमारतीत २८ घरं आहेत. तिथे पालिकेची जमीन ७५ वर्षांच्या कराराने घेतली आहे आणि घर बाजारभावाने विकताच येत नाही. सोडणाऱ्याला भरलेली ठेव परत मिळते. आपल्याकडे इतकं टोक गाठणं सोपं नाही, तरी बाहेर पडण्याचा नियम विटेच्या आधी लिहा: घर सोडायचं झालं तर पहिला हक्क संस्थेचा, किंमत कशी काढायची ते सूत्र, पैसे किती महिन्यांत द्यायचे, वारसांचं काय. सहकाराची कामं करणाऱ्या वकिलाकडून हे तपासून घ्या. कर्जासाठी बँकेशीही जमीन घेण्याआधीच बोला. सामाईक खणांचा खर्च कर्जात धरतात का, हा प्रश्न नेमका तसाच विचारा.

ज्यांच्याकडे जमीन नाही आणि इतक्यात होणारही नाही, त्यांनाही यातलं बरंच करता येतं. शहरात नव्याने आलेली मुलंमुली कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत चार. त्यापेक्षा एकाच जुन्या इमारतीच्या एका मजल्यावरचे दोन-तीन फ्लॅट एका गटाने भाड्याने घ्या. एकातलं स्वयंपाकघर सर्वांचं, दुसऱ्यातला हॉल अभ्यासाचा, बाकीच्या खोल्या एकेकाच्या, कडीसकट. करार गटातल्या प्रत्येकाच्या नावाने करा. दोन वर्षं असं राहिलात की पुढे बांधायला कोण बरोबर हवं, हे आपोआप कळेल.

आराखडा पक्का करण्याआधी एक रविवार काढा. मोकळं मैदान, दोरी, मोजपट्टी आणि फक्कीची पिशवी घेऊन आठही घरांची माणसं जमा. ३.६ मीटरचे खण जमिनीवर खऱ्या मापात आखा, तळमजल्याचे बाराही. दारं मोकळी सोडा. मग प्रत्येकाने आपल्या घरात उभं राहायचं, सतरंजी पसरून पलंगाएवढी जागा अडवून पाहायची, ओट्याच्या जागेपासून न्हाणीच्या दारापर्यंत चालायचं. आजींना व्हीलचेअरवर जिन्यापासून त्यांच्या घरापर्यंत न्या आणि चाक कुठे अडतं ते बघा. दुपारी डबे उघडा ते जेवणघराच्या चार खणांत, सगळ्यांनी मिळून. कागदावरच्या किती रेषा हलवाव्या लागतील ते तिथे बसल्यावर दिसतं, आणि फक्की पुसायला पायच पुरतो.